गुरुवारचे पतंग

गोरक्षचा फोन आला तेव्हा मी द्वारकेच्या चौकात, ट्रॅफिकमध्ये, रिक्षात अडकले होते. द्वारकेला अडकणं हा माझ्या नोकरीचाच भाग आहे. अकरा सापळ्यांचे आकडे मी तिथंच बसून मोबाईलवर वाचून घेते. ऑफिसात पोचल्यावर फक्त टाइप करायचे राहतात.

"अंजली मॅडम का? मी गोरक्ष, नांदगाववरून. तुमच्या त्या मेसेजवाल्याला जरा झोपेतून उठवा बरं."

"काय झालं?"

"तुमचा मेसेज येतो, पतंग वाढले, मक्याची पाहणी करा. मी पंप पाठीला लावतो, औषध मारतो. मारून झाल्यावर बघतो तर पानांच्या पोंग्यात अळीच नाय! चारदा झालं असं. आन मधी एका मंगळवारी पतंग उडाले आन मागून जी अळी पडली, लय म्हणजे लय, तवा तुमचा मेसेजच नाय."

"अहो, पाहणी करा असं लिहिलेलं असतं. आधी बघायचं, मग मारायचं."

"बघायचं मी, मारायचं मी. मंग तुम्ही काय करता?"

प्रश्न रास्त होता. रिक्षावालासुद्धा आरशातून माझ्याकडे उत्तराच्या अपेक्षेनं बघत होता.

आमचं केंद्र पीक संरक्षणाचं संशोधन करतं, असं पाटीवर लिहिलंय. व्यवहारात आम्ही पतंग मोजतो. मक्यावरची लष्करी अळी मोठी झाली की तिचा पतंग होतो, पतंग अंडी घालतो, अंड्यांतून पुन्हा अळी. पतंग किती उडतायत हे वेळेवर कळलं तर अळी कधी पडणार ते आधी सांगता येतं आणि कुणाला उगाच फवारावं लागत नाही. त्यासाठी येवल्यापासून मालेगावपर्यंत अकरा शेतांत कामगंध सापळे टांगलेत. सापळ्यात मादीच्या वासाची एक गोळी असते. मादी नसते. नर त्या वासावर येतो, भोवती घिरट्या घालतो आणि खालच्या पिशवीत पडतो. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं होतं. आमच्या डॉक्टर स्नेहा देवरे मॅडम हसल्या नव्हत्या; त्यांनी त्यावर पीएचडी केली आहे.

प्रत्येक सापळ्याला एक नोंदणारा. रोज सकाळी त्यानं पिशवी रिकामी करायची, पंखाच्या टोकाला पांढरा डाग असलेले नर मोजायचे आणि आकडा मला पाठवायचा. दहापर्यंतचा आकडा काळा, दहाच्या वर गेला की लाल. लाल आकडा एकट्याच्या शब्दावर चालत नाही. त्याच दिवशी शेजारच्या सापळ्याचा नोंदणारा तिथं जातो, तेच पतंग पुन्हा मोजतो आणि दोघं एका कागदावर सह्या करतात. याला आम्ही जोड-नोंद म्हणतो. जोड-नोंद झाली की त्या भागातल्या तीनशे मोबाईलवर संदेश सुटतो.

नांदगावचा सापळा लताबाई अहिरेंच्या मक्यात होता. त्यांचा शेजारी म्हणजे मनमाडचे जयराम पगारे, रेल्वेचे रिटायर्ड गेटमन. मनमाडहून नांदगावला सकाळच्या गाडीनं अर्धा तास. पण पगारेंची सून एका दुकानात कामाला, तिची सुट्टी गुरुवारी; बाकी दिवस शाळकरी नात त्यांच्यावर. म्हणून त्यांनी पहिल्याच आठवड्यात लेखी कळवलं होतं की गुरुवारीच येता येईल. इतर दिवशी नांदगाव लाल झालं तर येवल्याचा माणूस जायचा, मोटरसायकलवर, तोंड वाकडं करून.

ऑफिसात पोचून मी नांदगावचा तक्ता उघडला. जुलैच्या पहिल्या गुरुवारी आकडा चौदा, लाल. त्यानंतर दोन, दोन, एक, तीन, दोन, दोन आणि गुरुवारी पंधरा. पुन्हा दोन, एक, दोन आणि गुरुवारी चौदा. असे पहिल्यानंतर ओळीनं आणखी सहा गुरुवार लाल. मीच टाइप केलेले आकडे, माझ्याच डोळ्यांसमोर दीड महिना. पतंग चंद्र बघतात, पाऊस बघतात, वारा बघतात. वार बघणारा पतंग अजून कुणाला सापडलेला नाही.

मग मी आठवड्याची बेरीज केली. मनमाडची बेरीज सत्तावीस, येवल्याची पंचवीस, नांदगावची सव्वीस. पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच. म्हणजे आठवड्याला पतंग जितके हवेत तितकेच होते. कुणीतरी ते रोजच्या रोज न दाखवता गुरुवारवर ढकलत होतं.

कपाटात जोड-नोंदीचे मूळ कागद होते. पंधरवड्यानं पोस्टानं येतात, मी पंच करून फायलीला लावते, वाचत नाही. वाचायचं कशाला, आकडा तर आधीच आलेला असतो. त्या दिवशी वाचले. पहिल्या कागदावर पगारेंच्या कोरीव अक्षरात होतं: "मोजणी ९.४० ते १०.०५. पतंग १४. शेरा: पंख ताजे, एक जिवंत." दुसऱ्यावर: "मोजणी ९.४० ते १२.१०. पतंग १५. शेरा: पंख कोरडे." तिसऱ्यावर: "९.४० ते १२.१५. पतंग १४. शेरा: पंख कोरडे." पहिला सोडून बाकी सहाच्या सहा कागदांवर तेच. पंख कोरडे.

कालच्या रात्री पडलेल्या पतंगाचा पंख बोटाला मऊ लागतो, त्याची भुकटी बोटावर येते. कोरडा पंख चार-सहा दिवसांचा. हे पगारेंनी सहा वेळा लिहून पाठवलं होतं आणि माझ्या संगणकातल्या तक्त्यात शेऱ्याला जागाच नव्हती. बाकी, चौदा पतंग मोजायला अडीच तास. म्हणजे एका पतंगाला अकरा मिनिटं. तेवढ्यात मी अख्खी द्वारका ओलांडते.

मी त्यांना फोन लावला.

"पगारेसाहेब, शेऱ्यात पंख कोरडे लिहिलंय तुम्ही."

"लिहिलंय."

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं, पतंग जुने आहेत."

"मॅडम, सत्तावीस वर्षं फाटकावर काढली. रजिस्टरात खोटं लिहिलं नाही कधी. जे दिसलं ते लिहिलं. वाचणाऱ्यानं वाचायचं."

हे मला होतं आणि ते पोचलं.

"मग सही का केली?"

"आकडा बरोबर होता. चौदा म्हणाल्या, चौदा भरले." मग ते म्हणाले, "लताबाईंना काही बोलू नका. बोलायचं तर मला बोला."

दुसऱ्या दिवशी मी नांदगावला गेले. लताबाईंचं घर शेतातच, रस्त्याला लागून. पन्नाशी उलटलेली बाई, नवरा जाऊन नऊ वर्षं, मुलगा सिन्नरला कारखान्यात. दोन एकर एकटीनं ओढते आणि वर बचत गटाची अध्यक्ष. मला बघून पदर सारखा केला.

"जयभीम ताई. अशा अचानक?"

"जयभीम. म्हटलं, सापळा बघून यावा."

सापळा बांधापासून चार पावलांवर होता. बांधावर बाभळीच्या सावलीत प्लास्टिकच्या दोन खुर्च्या. एकीचा पाय मोडका, विटेवर टेकवलेला. दुसरी धड, धुतलेली, निळी. मी निळीकडे वळले तर लताबाईंनी हाताला धरून मला मोडकीवर बसवलं. मग ती निळी कुणाची, हे विचारायची गरज उरली नाही.

"पगारेभाऊ यायचेत का आज?" मी विचारलं.

"आज बुधवार ना. पगारेभाऊ गुरुवारी." मग चहा आणायला आत जाता जाता, "साखर किती घालू? ते तर बिनसाखरेचाच घेतात."

उंबऱ्यापर्यंत पगारेभाऊ होते, चुलीपाशी पोचेपर्यंत 'ते' झाले. मी मनात नोंद केली.

चहा संपल्यावर मी सरळच विचारलं. "लताबाई, पतंग कुठं ठेवता साठवलेले?"

त्यांनी कपबश्या उचलल्या, विसळल्या, पालथ्या घातल्या. मग फडताळातून काचेची बरणी काढून माझ्यापुढे ठेवली. आत बारा पतंग, उन्हात वाळवलेले, वर कडुनिंबाचा पाला, ज्वारीला घालतात तसा.

"पाला कशाला?"

"किडा लागू नये म्हणून."

"किड्यांना किडा?"

"मुंग्या लागतात ना ताई." त्यांना हसू येऊ पाहत होतं, आलं नाही. "पण खोटा एक नाय हां. सगळे ह्याच सापळ्यातले हायेत. रोजच्यातले दोन-तीन बाजूला काढायचे. बुधवारपर्यंत साठतात."

"कशासाठी पण?"

"गुरुवारी मनमाडची गाडी असती ना."

"गाडी रोज असते, लताबाई."

"रोजची येगळी."

बाहेर कुणाचं तरी पाण्याचं इंजिन सुरू होऊन बंद पडलं. मी म्हटलं, "अडीच तास काय बोलता?"

"बोलत कुठं, मोजतो. आधी ते मोजतात, मंग मी मोजते. आकडा जुळतो. मंग म्हणतात, लगेच कसा जुळला, परत एकदा बघू. मंग परत."

"मग सरळ फोन करून या म्हणायचं की."

"काय कारण सांगू?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मी शाळेत न गेलेली. "बाईनं बोलवायचं आन त्या माणसानं यायचं, कारण नको? गोरक्ष बांधावरून विचारतो, कोण आलं होतं, काकू? सापळ्याचे साहेब, म्हटलं की झालं. सरकारी काम."

"गोरक्षचा मका बघितला का तुम्ही?"

त्यावर मात्र त्यांनी मान खाली घातली. "त्या मंगळवारी सोळा होते. कळवलं असतं तर येवल्याचा आला असता आन गुरुवारला काय उरलं नसतं. सहा लिहिले, धा ठेवले. माझा पण मका गेला अर्धा. माझ्याला जाऊ दे म्हटलं." बरणीचं झाकण त्या फिरवत राहिल्या. "गोरक्षच्या मक्याला जाऊ दे म्हणायचा हक्क नव्हता मला. ते कळतंय ताई."

खरे आकडे आता कुठून आणायचे, या विचारात मी होते तेवढ्यात त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून माझ्या मांडीवर ठेवलं. दुधाच्या खुणांशेजारी प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं एक आकडा. चार, पाच, तीन, चार. त्या मंगळवारी सोळा. बचत गटाची बाई. साठवलेलं कितीही लपवलं तरी हिशेब चुकवायचा हात तिला नव्हता.

स्नेहा मॅडम एवढ्या चिडलेल्या मी आधी बघितल्या नव्हत्या. "सहा आठवडे, अंजलीताई! सहा खोटे संदेश. एक खरा चुकला. लोकांनी नको तेव्हा औषध मारलं. मी यावर पेपर लिहिणार होते!" मी कॅलेंडर पुढे केलं. त्यांनी पानं चाळली, मनमाडच्या आकड्यांशी ताडून बघितली आणि हळूहळू त्यांचा आवाज खाली आला. आकडे बचावले होते. माणसांवरचा भरवसा मात्र गेला होता. गोरक्षला मी फोन करून माफी मागितली. त्यानं ती घेतली आणि वर दहा मिनिटं बोलला.

आठवड्याच्या आत नांदगावच्या सापळ्याला कॅमेरा लागला. खांबावर बसवलेला, खाली चिकट पत्रा, रोज दहा वाजता एक फोटो थेट माझ्या संगणकावर. पतंग यंत्रच मोजणार. लताबाईंनी फक्त कॅमेऱ्याच्या काचेवरची धूळ पुसायची. जोड-नोंद नांदगावपुरती बंद.

कॅमेऱ्याचं एक असतं, त्याला दाखवायचं ते सोडून बाकीचंही दिसतं. पत्र्याच्या मागे बांध दिसायचा आणि बांधावर निळी खुर्ची. पहिल्या गुरुवारी खुर्ची रिकामी. दुसऱ्या गुरुवारी रिकामी, पण सावलीकडे सरकवलेली. आदल्या दिवशी पाऊस झाला होता, बांधावर चिखल, खुर्ची मात्र कोरडी, पुसलेली. तिसऱ्या गुरुवारी तिच्यावर वर्तमानपत्र अंथरलेलं, वर दगड. मोडकी खुर्ची कुठं दिसत नव्हती. लताबाई उभ्यानंच काच पुसत असाव्यात.

आणि रोज सकाळी द्वारकेला माझ्या मोबाईलवर पगारेंचा संदेश यायचा. पूर्वी नुसतं "मनमाड ४" यायचं. आता "मनमाड ४. नांदगाव?" असं यायला लागलं. नांदगावचा आकडा त्यांच्या काही कामाचा नव्हता. मी दहा वाजता फोटो बघून उलट लिहायचे, "नांदगाव ३". त्यावर त्यांचं "ठीक". माझ्या तीनशे मोबाईलच्या यादीत एवढ्या मन लावून संदेश वाचणारा माणूस दुसरा नसेल.

तिसऱ्या गुरुवारी मला राहवलं नाही. मी फोन केला.

"पगारेसाहेब, आज सुनेची सुट्टी ना?"

"हो. घरीच आहे ती."

"मग तुम्ही?"

"मीही घरीच आहे."

"नांदगावला चक्कर टाकून यायची. गाडी आहे."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला. मग, "ऑर्डर नाही ना मॅडम. सिग्नल नसताना गाडी पुढे घेतली तर काय होतं, मी बघितलेलं आहे. ऑर्डर नसताना कुणाच्या बांधावर जाऊन काय सांगायचं माणसानं? का आलात म्हणाल्या तर?"

"त्या नाही म्हणणार असं."

"दुसरं कुणी म्हणेल. ऐकायला त्यांनाच लागेल."

म्हणजे तिकडे ती कारणाशिवाय बोलवत नव्हती, इकडे हा कारणाशिवाय जात नव्हता, आणि दोघांमधलं जे एकच कारण होतं ते मी फायलीतून शोधून काढून बंद पाडलं होतं. काम चोख झालं होतं. चोख कामाचा असा पश्चात्ताप मला आधी कधी झाला नव्हता.

त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी आमची नियमांची पुस्तिका काढली. चाळीस पानी, प्रकल्प सुरू झाला तेव्हा छापलेली, कपाटाच्या पायाखाली एक प्रत आहे ती तीच. सव्विसाव्या पानावर मला हवं ते सापडलं. ते घेऊन मी मॅडमच्या केबिनमध्ये गेले.

"नांदगावच्या सहा जोड-नोंदी दुरुस्त करायच्या राहिल्यात."

"केल्या ना आपण. कॅलेंडरवरून."

"संगणकात केल्या. मूळ कागदांवर नाही. नियम असा आहे, 'जोड-नोंदीतील दुरुस्ती मूळ दोन्ही सह्या करणाऱ्यांनी सापळ्याच्या जागी एकत्र हजर राहून करावी.'"

"बरं. मग बोलवा पगारेंना एक दिवस. सहाही होतील."

"नाही होणार. पुढचं वाक्य आहे, 'प्रत्येक दुरुस्तीसाठी स्वतंत्र भेट आवश्यक.'"

मॅडमनी चष्मा काढला. "हा मूर्ख नियम लिहिला कुणी?"

"तुम्हीच मॅडम. पाच वर्षांपूर्वी. मीच टाइप केला होता."

त्यांनी पुस्तिका हातात घेतली, वाचली, परत वाचली. मग माझ्याकडे बघितलं. त्यांना किती कळलं ते मला माहीत नाही. संशोधक बाईला पतंगांचं सगळं कळतं, म्हणून माणसांचं कळत नाही असं धरून चालता येत नाही. "नियम आहे म्हटल्यावर पाळायला हवा," त्या म्हणाल्या आणि पत्रावर सही केली.

पहिला कागद मी पुढच्याच गुरुवारसाठी पाठवला. एकावेळी एकच.

त्या गुरुवारी दहाच्या फोटोत निळ्या खुर्चीवर पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस होता, पाठ सरळ, गुडघ्यावर फाईल. मोडकी खुर्ची परत आली होती. यंत्रानं फोटोवर लाल चौकोन काढला: "अडथळा. कारण निवडा." मी "दुरुस्ती भेट" निवडलं. कागद पोस्टानं आला: "दुरुस्ती १५ ऐवजी ४. वेळ ९.४० ते १२.३०. शेरा: काच स्वच्छ."

दुसऱ्या गुरुवारी "१४ ऐवजी ५. शेरा: मक्याला कणसं." तिसऱ्याला मंगळवारच्या सोळांचं प्रकरण होतं. त्या कागदावर दोघांनी मिळून गोरक्षला साक्षीला घेतलं होतं, असं गोरक्षनंच मला फोनवर सांगितलं. "काकूनं मला समोर बसवून सांगितलं, चूक माझी. मंग मी काय बोलू? चहा पिऊन आलो. ते रेल्वेवाले काका माणूस बरा हाय, पण लय सावकाश बोलतो. एक शब्द मनमाडला निघतो, दुसरा नांदगावला पोचतो." चौथ्याचा शेरा: "मका काढणी सुरू. बांधावर ऊन." पाचव्याचा: "मका निघाला. सापळा रब्बीसाठी तिथेच."

मला आकडे कमी होत जाताना बघायची सवय आहे. ऑक्टोबरात पतंग कमीच होतात. पण कपाटातले ते कागद सहावरून पाच, चार, तीन होताना बघणं वेगळं होतं. शेवटचा कागद पाठवायला मी दोन दिवस उशीर केला. मग पाठवला, कारण तो द्यायचाच होता.

सहाव्या भेटीचा कागद आला. "दुरुस्ती १४ ऐवजी ३. वेळ ९.४० ते १.२०." आणि शेऱ्यात, त्याच कोरीव अक्षरात: "सर्व नोंदी पूर्ण. शिल्लक नाही."

मी पुस्तिका पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. कपाटाखालची प्रतसुद्धा काढून बघितली, एखादं पान जास्त असेल म्हणून. पुढे काही नव्हतं. सहा चुका केल्या होत्या, सहा दुरुस्त झाल्या होत्या. सातव्या गुरुवारसाठी माझ्याकडे काहीही नव्हतं.

तो गुरुवार उजाडला. द्वारकेला मोबाईल वाजला. पगारे. "मनमाड २."

एवढंच. पुढचा प्रश्न नव्हता. मी संदेश खालीवर करून बघितला. गेल्या कित्येक आठवड्यांत पहिल्यांदाच त्यांनी नांदगाव विचारलं नव्हतं. संपलं, म्हटलं. हिशेब पूर्ण झाल्यावर हा माणूस रजिस्टर मिटून ठेवणार, सत्तावीस वर्षांची सवय. रिक्षावाल्यानं विचारलं, "ताई, पुलाखालून घेऊ का?" मी म्हटलं, घ्या कुठूनही.

ऑफिसात पोचले तेव्हा दहाला पाच कमी होते. उगाचच मालेगावचे आकडे आधी टाइप केले, मग येवल्याचे. दहा वाजून दोन मिनिटांनी नांदगावचा फोटो उघडला.

फोटोवर लाल चौकोन. अडथळा. पत्र्यावर तीन पतंग, ते यंत्रानं मोजले होते. अर्ध्या काचेवर धूसर पांढरं काहीतरी, सदऱ्याची बाही असावी. कुणीतरी पलीकडून काच पुसत होतं आणि ते लताबाई नव्हत्या, कारण त्या मागे बांधावर दिसत होत्या. निळ्या खुर्चीवर बसलेल्या. मोडकी शेजारी रिकामी, तिच्यावर कापडी पिशवी, पिशवीतून केळ्यांची फणी बाहेर आलेली. फाईल कुठंच नव्हती. लताबाई काहीतरी सांगत होत्या, हात वर केलेला, बहुधा तो कोपरा राहिला, असं.

मी तो फोटो किती वेळ बघितला ते लिहीत नाही.

खाली यंत्र थांबलं होतं: "कारण निवडा." पाऊस. जनावर. कोळ्याचं जाळं. दुरुस्ती भेट. इतर.

मी "इतर" निवडलं. लगेच दुसरी चौकट उघडली: "इतर असल्यास कारण लिहा." रिकामी सोडली तर पान पुढे जात नाही. मी दोनदा रिकामी सोडून बघितली.

मग लिहिलं, "विनाकारण."

यंत्रानं ते घेतलं. मी नांदगावसमोर तीन भरले आणि पान पुढे गेलं.